तंजावरला आठवडाभर : सहलीचे नियोजन कसे करावे



उसाचा शेवटचा हप्ता जमा झाला की गट कार्यालयात सहलीचा विषय निघतोच. बहुतेकांचा बेत ठरलेला असतो : आठ दिवसांत तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी. रात्री गाडीत, दिवसा रांगेत. बरोबर म्हातारी आई असली तर तिला देवापेक्षा गाडीची खिडकीच जास्त दिसते. पैसे तेवढेच जातात. म्हणून आम्ही सुचवतो, की एकाच जुन्या शहरात मुक्काम ठोकावा आणि तिथून रोज सकाळी निघून संध्याकाळी परत यावे. असे शहर म्हणजे तंजावर.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तिथे राज्य स्थापले. १८५५ मध्ये कंपनी सरकारने वारस नाही या सबबीवर ते खालसा केले. जुन्या वळणाची मराठी बोलणारी घराणी तिथे अजून आहेत.

आधी वेळ ठरवा. तिकडची हवा जानेवारी-फेब्रुवारीत उत्तम, पण तेव्हा आपला गळीत हंगाम भर जोरात असतो. तोडीची चिठ्ठी आली, टोळी फडात उतरली आणि मालक परगावी, हा प्रकार आम्ही दर हंगामात पाहतो. मग रस्ता कोण दाखवणार, वजनाची पावती कोण घेणार? एप्रिल-मे मध्ये तिकडे उन्हाने जीव जातो, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून तिकडचा खरा पावसाळा लागतो. राहिला गणपती विसर्जन ते घटस्थापना हा काळ. आडसाली लागण झालेली असते, पाऊस चालू असला तर पाण्याचीही घाई नसते. ऊन तिकडे तेव्हाही असते, पण सोसवते. पितृपंधरवड्यातली आपापली तिथी तेवढी सांभाळा.

चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे एग्मोर स्टेशनावरून रात्रीची गाडी. तिचे नाव ‘उळवन’, म्हणजे शेतकरी! चेन्नईत आपली गाडी दुसऱ्या स्टेशनात थांबत असेल तर मधे चार तास हाताशी ठेवावेत.

पहिला दिवस विश्रांतीचा. संध्याकाळी बृहदीश्वराचे मोठे देऊळ पाहावे. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पूर्ण केले, शिखर दोनशे फुटांच्या वर आहे. तिकडची बहुतेक देवळे दुपारी बारा-साडेबारा ते चार बंद असतात, हे आठवडाभर ध्यानात ठेवावे. दगडी फरशी दुपारी तव्यासारखी तापते, तेव्हा म्हाताऱ्यांसाठी जाड पायमोजे न्यावेत. आवाराच्या नैऋत्येकडील ओवरीच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, तो १८०३ चा, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला. पुष्कळ मंडळी नंदीपुढे फोटो काढून तशीच परततात. तसे करू नका, वाचता येईल तेवढे वाचा.

दुसरा दिवस राजवाडा व सरस्वती महाल ग्रंथालयाचा. तिथे ताडपत्रे आहेत, मोडी कागदपत्रे आहेत. सुटीचा वार लॉजवर आधी विचारून घ्यावा. सांबाराचे नाव संभाजी महाराजांवरून पडले असे कोणी सांगेल. ऐकून घ्यावे, कागदोपत्री आधार मागू नये.

तिसरा दिवस मात्र आपल्या पेशाचा. सुमारे ४५ किलोमीटरवर कावेरीवर कल्लणै हा बंधारा आहे. करिकाल चोळाने तो बांधला असे मानतात, म्हणजे त्याला जवळजवळ दोन हजार वर्षे झाली. कावेरीतून फुटलेला कोळ्ळिडम हा फाटा सखल. बांध नसता तर पाणी तिकडेच पळाले असते आणि तंजावरची भातशेती कोरडी राहिली असती. खाली खडक नाही, नुसती वाळू. मोठमोठे दगड वाळूत सोडले, ते खचत गेले तसे त्यांवर आणखी रचले, असे सांगतात. आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने या बंधाऱ्याचा अभ्यास केला, १८३६ च्या सुमारास वरच्या अंगाला कोळ्ळिडमवर दुसरा बंधारा घातला, आणि पुढे आपल्याच गोदावरीवर, आंध्रात धवळेश्वरम येथे मोठे काम केले. कल्लणैला पाणी कावेरी, वेण्णार, नवा कालवा आणि कोळ्ळिडम अशा वाटांना वाटून दिले जाते. पाटाच्या बारीवरून भावाभावांत तंटे असणाऱ्यांनी तिथे तासभर उभे राहून ती दारे पाहावीत. श्रीरंगमही त्याच बाजूला आहे, पण त्याला वेगळा दिवस द्यावा. सात प्राकारांचे देऊळ घाईने होत नाही.

पाचव्या दिवशी दारासुरम, कुंभकोणम आणि वाटेत स्वामिमलै, जिथे अजून मेणाच्या साच्याने पितळी-पंचधातूच्या मूर्ती ओततात. सहाव्या दिवशी राजेंद्र चोळाचे गंगैकोंडचोळपुरम, अंतर सुमारे ७० किलोमीटर. सातवा दिवस मोकळा ठेवा. कोणाचे पोट बिघडते, कोणाचे पाय सुजतात. सगळे ठीक असेल तर १३ किलोमीटरवर कावेरीकाठी तिरुवैयारू, संत त्यागराजांची समाधी.

हिंदी तिकडे फारशी चालत नाही. जायच्या ठिकाणांची नावे लॉजवाल्याकडून तमिळमध्ये कागदावर लिहून घ्या. भाकरी मिळणार नाही, शेंगदाण्याची चटणी भरपूर न्या. कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र (स्थापना १९१२) पाहायचे असेल, जिथे आपला को ८६०३२ जन्मला, तर तो या आठवड्यात बसत नाही. दोन दिवस जादा धरा आणि आधी पत्र पाठवून परवानगी घ्या.

निघण्यापूर्वी आपल्या चिटबॉयला गावी नसण्याच्या तारखा आणि घरी राहणाऱ्या माणसाचा फोन नंबर लिहून द्यावा. लागण नोंद राहिली असेल तर ती अगोदर करून मगच तिकीट काढावे.

— ऊस विकास अधिकारी