माडीवरची माळ

कांदा हा मोठा चमत्कारिक गृहस्थ आहे. चिरणाऱ्याला रडवतो आणि जेवणाऱ्याला खूश करतो. गरिबाच्या भाकरीबरोबर तो बसतो आणि श्रीमंताच्या पुलावावरही तोच विराजमान होतो. भाव चढला की दिल्लीचे राजकारणी हादरतात आणि भाव उतरला की नाशिकचा शेतकरी डोळे पुसतो. रडणे काही त्याच्या पाठीमागचे सुटत नाही! असा हा कांदा तासभर मंद आचेवर ठेवला, तर त्याच्याइतके गोड आणि शांत काही नसते, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी महाडला कळले. तेही कुठल्या मेजवानीत नव्हे, तर चिखलाने भरलेल्या एका घराच्या माडीवर.

महाडला माझी मावशी राहते. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या कुशीत वसलेले हे जुने व्यापारी गाव. भोरकडून वरंध घाट उतरून आणि महाबळेश्वरकडून आंबेनळी घाटाने पोलादपुरास येऊन देशावरचा माल इथे पोचे. कोकणात भात, नाचणी, वरी पिकते. गहू येतो तो घाटावरून. मावशीच्या घरातही गव्हाच्या शेवया येत त्या सातारकडच्या नातेवाइकांकडून, उन्हाळ्यात, पत्र्याच्या डब्यातून. कांदा मात्र जिल्ह्याचा, म्हणजे अलिबागचा पांढरा. कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांकडे होणारा, चवीला गोडसर आणि तिखटपणा बेताचाच असलेला. वेणी घालावी तशा त्याच्या माळी विणतात. मावशी दर उन्हाळ्यात अशा चार-पाच माळी घेई आणि माडीवरच्या तुळईला टांगून ठेवी.

२२ जुलै २०२१ चा तो गुरुवार. उगमाकडे, म्हणजे महाबळेश्वरला, पावसाने कहर केला आणि सावित्री फुगली. रात्री महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही डोंगर खाली आला. मुंबईत आम्ही टेलिफोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. सोमवारी, २६ तारखेला, मी आणि माझे यजमान कसेबसे महाडला पोचलो.

काय सांगू, मैत्रिणींनो! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांचे संसार पडलेले. गाद्या, कपाटे, शाळेची दप्तरे, दुकानातले कापडाचे तागे, सगळ्यांचा रंग एकच, चिखलाचा. मावशीचा तळमजला छतापर्यंत भरला होता. धान्याची कोठी, फ्रीज, देवघर, सगळे गेले. माडी तेवढी वाचली. २००५ सालच्या पुराने शिकवलेला धडा मावशी विसरली नव्हती. एक शेगडी, भरलेला सिलिंडर आणि चार भांडी ती पावसाळ्यात माडीवरच ठेवी.

माडीवर माणसे किती? मावशी, तिच्या शेजारच्या दोघीजणी, आणि पोलादपूरहून आलेली माझी मावसबहीण, तिची दोन मुले घेऊन. तिचे घर डोंगराच्या पायथ्याशी. घर शाबूत होते. पण रात्री डोंगराचा आवाज ऐकल्यापासून तिथे राहायची तिची छाती होईना. मुलगी मोठी, सावरलेली. धाकटा मुलगा मात्र सात वर्षांचा, त्याने त्या रात्रीपासून तोंड मिटले होते. बिस्किटाचा तुकडा, पाण्याचा घोट, एवढ्यावर चालले होते. झोप लागे ती दहा मिनिटांची. बोलणे तर नाहीच. बहीण मला जिन्यात गाठून म्हणाली, "ताई, हा रडला असता तरी बरं वाटलं असतं गं."

स्वयंपाकाला घ्यायचे काय? मदतीच्या पिशव्या येत होत्या. तांदूळ, डाळ होती. पण चार दिवस दोन्ही वेळा खिचडी खाऊन मुले कंटाळली होती. त्या दिवशी आलेल्या एका पिशवीत कुणा दात्याने मॅकरोनीची दोन पाकिटे घातली होती. मावशीने पाकीट उजेडात धरून पाहिले आणि म्हणाली, "शेवईच ही. फक्त पोकळ. मधली शेवई कुणी खाल्ली?"

चार दिवसांत त्या माडीवर ते पहिले हसू.

पण अडचण दुसरीच होती. मॅकरोनी शिजवायची म्हणजे मोठे पातेलेभर पाणी उकळायचे आणि नंतर ते ओतून द्यायचे. आणि पाणी होते कुठे? ज्या गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्कासाठी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या गावात चोहीकडे पाणीच पाणी आणि पिण्याला बाटलीबंद घोट! मावशीने बाटल्या मोजल्या. म्हणाली, "एक बाटली देईन. एकच. बाकीचं पाणी कांदा देईल."

कांदा? मी चमकले. चातुर्मास लागला होता. पुराच्या चार-पाच दिवस आधीच मावशीने कांदेनवमीला कांद्याचे थालीपीठ खाऊन कांद्याला निरोप दिला होता. लग्न झाल्यापासूनचा तिचा हा नेम. कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य. पण तिने वर बोट केले. तुळईला एक माळ शिल्लक होती. घरातला तेवढाच भाजीपाला पुराच्या पाण्याला शिवला नव्हता. खालचे कांदे-बटाटे तिने आदल्या दिवशीच फेकून दिले होते. पुराचे पाणी लागलेली वस्तू, दिसायला कितीही चांगली असली, तरी पोटात घालायची नाही, हा तिचा कायदा, आणि तो शहाणपणाचा आहे.

"तू खाणार नाहीस, मग चव कशी बघशील?" मी विचारले.

"नाकानं आणि कानानं," मावशी म्हणाली. "तू चीर, बाय. उभा नको, आडवा चीर. आडवा चिरलेला लवकर विरघळतो."

मी किलोभर कांदा चिरला आणि यथास्थित रडले. कांदा कापला की त्याच्या पेशी फुटतात, आतली द्रव्ये एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून डोळ्यांना झोंबणारी वाफ उठते. त्या वाफेचे निमित्त त्या दिवशी आम्हां सर्वांनाच फार उपयोगी पडले. शेजारच्या काकूंनी तर सुरी माझ्या हातून मागूनच घेतली.

आता कृती सांगते, कारण ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. सहा माणसांना एक किलो कांदा आणि चारशे ग्रॅम मॅकरोनी पुरते. जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवावे, दोन सुक्या मिरच्या आणि चार लवंगा टाकाव्या, मग सगळा कांदा आणि एक चहाचा चमचा मीठ. आच अगदी मंद. वर झाकण. पहिली पंधरा-वीस मिनिटे झाकण काढून फक्त दोन-तीनदा हलवायचे. कांद्याच्या शंभर भागांत जवळजवळ नव्वद भाग पाणीच असते. मीठ ते पाणी बाहेर ओढते आणि कांदा आपल्याच रसात शिजतो. तो काचेसारखा पारदर्शक झाला की झाकण काढावे.

इथून पुढे खरी परीक्षा. पातेल्यात पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही आणि कांद्याला रंग चढत नाही. पाणी आटू लागले की कांद्याच्या अंगची साखर जागी होते. आधी गव्हाळ, मग मधासारखा, मग गुळासारखा रंग येतो. याला आणखी पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात. पाककृतींच्या पुस्तकांत 'दहा मिनिटांत कांदा तांबूस करावा' असे लिहितात, ते वाचून बिचाऱ्या नव्या सुनांनी स्वतःला दोष देऊ नये. दहा मिनिटांत कांदा तांबूस होत नाही, करपतो. आच वाढवली तर कडा काळ्या पडून कडवट होतात आणि पोटातून तो कच्चाच राहतो. बुडाला लागू लागला तर चमचाभर पाणी घालून ती खरवड उलथन्याने सोडवावी. सारी चव तिथेच असते.

मावशी डोळे मिटून पातेल्याशेजारी बसली होती. "आधी पावसासारखा आवाज येतो," ती म्हणाली, "मग चुरचुर. चुरचुर बारीक झाली की हलवत राहा, आता उठू नकोस." खरेच तसे झाले. किलोभर कांद्याचा जेमतेम दोन वाट्या मऊ, तांबूस गोळा उरला. त्यात मॅकरोनी परतली आणि ती एक लिटरची बाटली उकळून ओतली. झाकण ठेवून, मधूनमधून हलवत बारा-चौदा मिनिटांत ती शिजली. पाणी ओतून द्यायचे नसल्याने मॅकरोनीचे सत्त्व पातेल्यातच राहिले आणि त्याचा कांद्याबरोबर दाटसर रस झाला. शेवटी तीन-चार आमसुले आणि मिरपूड. आमसुले आधी घालू नयेत. आंबटपणाने शिजायला वेळ लागतो.

पुढे मी चौकशी केली तेव्हा कळले, की मावशीने त्या दिवशी अर्ध्या जगाशी सोयरीक जुळवली होती. इटलीतल्या नेपल्स शहरात किलो-किलो कांदा मांसाबरोबर तासन्‌तास शिजवून त्यात अशाच नळ्या घालतात. ज्याला मांस परवडत नाही, किंवा नको असते, तो नुसत्या कांद्याचा रस करतो. त्याला तिकडे 'खोटी जेनोवेझे' म्हणतात. कैरोच्या रस्त्यांवर 'कोशरी' मिळते. भात, मसूर, मॅकरोनी आणि वर खमंग तळलेला कांदा. तिचे नाते आपल्या खिचडीशी सांगतात. आणि आपण तरी परके कुठे? वरणफळे, चकोल्या, विदर्भातले सरगुंडे, रुखवतातले गव्हले नि नखुले, दक्षिण कोकणातले नारळाच्या रसातले शिरवाळे, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. पीठ मळून, आकार देऊन, पाण्यात किंवा वाफेवर शिजवण्याची विद्या जगात कुणा एकाची नाही.

त्या संध्याकाळी मात्र हे काही मला ठाऊक नव्हते. बाहेर पाऊस पुन्हा लागला होता. पावसाचा जोर वाढला की सगळ्यांचे कान नदीकडे जात. मावशीने स्टीलच्या ताटल्यांत वाढले. शेजारणी जेवल्या, यजमान जेवले. धाकट्याच्या पुढे ताटली ठेवली. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. एक नळी उचलली, तिच्यातून आरपार पाहिले. मग आजीकडे वळून चार दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"तू का नाही घेतलंस?"

कुणी काही बोलले नाही. बहिणीने तोंडाला पदर लावला. "आजीचा नेम आहे रे," असे मी म्हणणार होते; शब्द ओठांवर आलेही होते. पण मावशीने हाताने मला थांबवले. डाव घेतला, स्वतःच्या ताटलीत वाढून घेतले, क्षणभर हात जोडले आणि पहिला घास घेतला.

"मीठ किंचित कमी आहे," ती म्हणाली. "खा आता."

तो जेवला. एक ताटली, मग आणखी अर्धी. मग आईच्या मांडीवर डोके ठेवून रडला, चांगला हुंदके देऊन रडला, आणि झोपला तो सकाळी उजाडेपर्यंत. पाऊस रात्रभर होता. त्याला कळलाही नाही.

रात्री भांडी आवरताना मी मावशीला विचारलेच. "इतक्या वर्षांचा नेम, मावशी. वाईट नाही वाटलं?"

ती खरवड खरवडत होती. "देवापुढे मी कांदा सोडते म्हटलं होतं," ती म्हणाली. "लेकराला एकटं जेवायला बसवीन असं नव्हतं म्हटलं." आणि थोड्या वेळाने, "उद्यापासून पुन्हा नेम. माळेतले उरलेले कांदे शेजारी देऊन टाक."

तिने तो नेम कार्तिकीपर्यंत पाळला. तळमजल्याला नवा रंग लागला, देवघर पुन्हा मांडले गेले. धाकटा आता सायकलवरून पोलादपूरची बाजारपेठ पालथी घालतो. महाडला आला की आजीला एकच फर्मान सोडतो, 'पोकळ शेवई कर'. आजी केव्हा करते आणि केव्हा 'कार्तिकीनंतर ये' म्हणून सांगते. अलिबागच्या त्या पांढऱ्या कांद्याला पुराच्याच वर्षी, २०२१ मध्ये, भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी मी तिला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "सरकारला आत्ता कळलं होय!"

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे भरलेले असतील आणि कार्तिकी एकादशीला दहा-बारा दिवस उरले असतील. चकली-चिवड्याने जीव कंटाळला, नेम सुटला, की एखाद्या संध्याकाळी किलोभर कांदा घेऊन बसा. घरातल्या सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलवा. एकाने चिरावे, एकाने हलवावे, एकाने नुसते गप्पा मारीत बसावे. तासभर लागेल. लागू द्या. आणि वाढताना एवढे मात्र करा. सगळ्यांबरोबर तुम्हीही आपले पान मांडून घ्या.