हातात ओढणी, डोक्यावर कलश

बेली डान्स शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलींना पहिल्याच आठवड्यात ओढणी हवी असते, आणि जाणती शिक्षिका ती इतक्या लवकर हाती देत नाही. आधी गुडघे सैल ठेवायला शिकायचं, मग कंबर आणि छाती एकमेकींपासून सुटी हलवायची, मग हात खांदे न उचलता पाठीच्या जोरावर तोलायचे. एवढं साधलं की ओढणी. हा नाच आज चेन्नईतही शिकवला जातो. तिथे तो पाहताना एक प्रश्न पडतो: ओढणी, काठी, तलवार, दिव्यांचं झाड ही साधनं नाचात आली कशासाठी? नुसत्या शोभेसाठी की आणखी कशासाठी?

ओढणीपुरतं उत्तर कैरोत मिळतं. सीरियातून आलेल्या बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये कैरोत आपलं नाट्यगृह उघडलं. तिथे नाच मोठ्या रंगमंचावर आला आणि लांबून पाहणाऱ्यांसाठी हातांच्या हालचाली मोठ्या कराव्या लागल्या. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या त्याच संचातून पुढे आल्या. सामियाबद्दल नृत्यवर्तुळात एक कथा सांगतात. तिचे हात सुधारावेत म्हणून इव्हानोवा नावाच्या रशियन बॅले शिक्षिकेनं तिच्या हाती ओढणी दिली, आणि सामिया तीच घेऊन रंगमंचावर आली. कथेत भर पडली असेल, पण तिच्यातलं तर्कशास्त्र पक्कं आहे. रिकाम्या हाताची चूक कापड मोठी करून दाखवतं.

पाश्चात्त्य रंगमंचावर हे आधीच घडलं होतं. अमेरिकेच्या लोई फुलर यांनी रेशमाचा प्रचंड घेर आणि विजेचे रंगीत झोत यांच्या जोरावर १८९० च्या दशकात पॅरिस जिंकलं. बाह्यांमध्ये काठ्या घालून हातांची लांबी वाढवणाऱ्या पोशाखाचं पेटंट त्यांनी १८९४ मध्ये मिळवलं. आज बेली डान्समध्ये ‘आयसिस विंग्ज’ म्हणून जे चुणीदार पंख वापरतात, त्यांची युक्ती हीच. इजिप्तच्या देवीचं नाव असलं तरी ते पंख प्राचीन नाहीत.

आता कापडाकडे येऊ. ओढणी साधारण तीन वार लांब आणि पंचेचाळीस इंच रुंद असते. तलम रेशमाची असेल तर तिचं वजन जेमतेम सत्तर ग्रॅम भरतं. अर्ध्या किलोहून जड कांजीवरम नेसून वाढलेल्या शहरात मुलींना ‘रेशीम’ या शब्दाची इथे नव्यानं ओळख होते. ओढणी चिमटीत हलकेच धरायची. मूठ आवळली की मनगट अडतं आणि मनगट अडलं की कापड पडतं. हात पुढे, कापड मागे, हा नियम. दिशा बदलण्याआधी कापडाखाली हवा भरायला वेळ द्यावा लागतो. घाई केली की ओढणी तोंडावर येते, कोपर पडलं की जमिनीला लागते, आणि पायाखाली आली तर नाचणारी घसरते. वर्ग सुरू होण्याआधी छताचा पंखा बंद करावा लागतो. चेन्नईच्या दमट हवेत ही छोटी गोष्ट नव्हे, कारण घामेजल्या दंडाला तलम कापड चिकटून बसतं.

चेन्नईत या वर्गाला येणारी मुलगी लहानपणी भरतनाट्यम शिकलेली असण्याची शक्यता मोठी. तिचे हात बळकट असतात, रेषा स्वच्छ असतात. पण तिथे हात ठरलेल्या जागी पोचून थांबतो आणि थांबण्यातच सौंदर्य असतं. ओढणीला थांबणं चालत नाही. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून, पाय आपटायची सवय असलेल्या शरीराला सैल गुडघा आणि सुटी कंबर अनोळखी असते. म्हणून तिथे शिक्षिकेचं निम्मं काम जुनं शिक्षण न मोडता त्याच्या शेजारी नवं बसवण्याचं.

आणखी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. भरतनाट्यमच्या वर्गात साधन गुरूच्या हातात असतं: लाकडी ठोकळ्यावर आपटायची ‘तट्टुकळी’ किंवा ताल धरणाऱ्या नट्टुवनाराचे टाळ. नर्तकीचे हात रिकामे. बाण, पत्र, फूल, पाणी, सगळं तिनं मुद्रांमधून दाखवायचं. बेली डान्समध्ये टाळही नाचणारीच्याच बोटांत असतात. कंबर एका लयीत आणि बोटं दुसऱ्या, हे जमायला महिने जातात.

मग तामिळ भूमीला हातातलं साधन परकं आहे का? मुळीच नाही. बेली डान्समधला काठीचा नाच वरच्या इजिप्तमधल्या ‘तहतीब’ या लाठीच्या खेळातून आला. युनेस्कोनं २०१६ मध्ये त्याची मानवी वारशात नोंद केली. तामिळनाडूत लाठीचाच ‘सिलंबम’ आहे. कैरोच्या लग्नाच्या वरातीत नर्तकी डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं ‘शमदान’ तोलून चालते. तामिळ गावांच्या उत्सवात नय्यांडी मेळाच्या गजरात ‘करगाट्टम’ होतो, डोक्यावर सजवलेला कलश आणि त्याला हात लावायचा नाही. दोन्हीकडे शिकवण एकच आहे: मान स्थिर, सगळी हालचाल कमरेखाली. ‘करगाट्टक्कारन’ हा १९८९ चा तामिळ चित्रपट याच कलावंतांवर बेतलेला.

इथे मराठी वाचकानं तंजावरकडे पाहावं. भोसले घराण्याच्या या राज्यात साधनांचे नाच दरबारी कृपेत होते. कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून लाकडी पायांवर नाचायचा ‘पोय्क्काल कुदिरै’ मराठ्यांनीच तिथे नेला असं परंपरा सांगते. दुसऱ्या सरफोजींनी (१७९८–१८३२) मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ ही नृत्यनाटिका लिहिली. कुरवंजीतली भविष्य सांगणारी डोंगरकन्या टोपली आणि काठी घेऊनच प्रवेश करते. त्यांच्याच दरबारात तंजावर बंधूंनी आजच्या भरतनाट्यम मैफलीचा क्रम घडवला. म्हणजे रिकामा हात आणि भरलेला हात, दोन्हींना एकाच दरबारात जागा होती. तंजावरच्या राजकन्येचा १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांशी विवाह झाला, आणि तिच्याबरोबर नर्तकींचा संच बडोद्याला गेला.

ही जागा पुढे विभागली गेली. इजिप्तचे राज्यकर्ते मुहम्मद अली यांनी १८३४ मध्ये कैरोतून सार्वजनिक नर्तकींना हद्दपार केलं. मद्रास प्रांतानं १९४७ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. त्यामागे मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा प्रदीर्घ लढा होता आणि मुलींची शोषणातून सुटका हा हेतू खरा होता. पण नाचावर जगणाऱ्या घराण्यांचं व्यासपीठही त्यातच गेलं. दरम्यान रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ मध्ये अड्यारला नृत्य सादर केलं आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभारलं. सदिर, म्हणजे भरतनाट्यमचं जुनं रूप, सभागृहात आला, प्रतिष्ठित झाला. कलाक्षेत्रानं १९४४ मध्ये ‘कुट्राल कुरवंजी’ बसवून टोपलीवालीलाही रंगमंच दिला. करगाट्टम मात्र जत्रेतच राहिला.

आपण याहून वेगळे वागलो नाही. लावणीतलं पदराचं काम हे ओढणीच्या कामाइतकंच कसबाचं, पण ते शिकवण्याची पद्धत लिहून ठेवावी असं फार थोड्यांना वाटलं. महाराष्ट्रानं २००५ मध्ये डान्स बार बंद केले. उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. त्या सगळ्या वादात नाच शिकवला कसा जातो, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारला.

तो विचारायला हवा. ज्या नाचाची शिकवण्याची पद्धत समाजाला माहीत असते, त्याला विद्या म्हणतात. ज्याची माहीत नसते, त्याला नखरा. ओढणी, काठी आणि कलश ही शरीराला शिस्त लावणारी साधनं आहेत आणि त्यांच्यामागे चिकाटीचं शिक्षण आहे. तेव्हा मुलीला अशा वर्गात घालायचं असेल किंवा स्वतः जायचं असेल, तर फी भरण्याआधी शिक्षिकेला एवढंच विचारा: हे साधन माझ्या शरीरातला कोणता दोष सुधारणार? उत्तर नेमकं आलं तर निःशंक प्रवेश घ्या. ‘छान दिसतं म्हणून’ असं उत्तर आलं, तर दुसरा वर्ग शोधा.