अनुभवाविना परदेशी नोकरी : वाट आणि खाचखळगे

संगणकशास्त्राची पदवी हाती पडली, की अनेक घरांत परदेशाची चर्चा सुरू होते. पदवी असते, उमेद असते; नसतो तो अनुभव. आणि नवख्या उमेदवारासाठी व्हिसाची खटपट करण्यास परदेशी कंपन्या सहसा राजी नसतात. नेमकी हीच अडचण हेरून दलाल हमखास नोकरीचे आमिष दाखवतात. म्हणून कोणत्या देशाचा कायदा नवख्याला काय देतो, हे आधी जाणून घेणे हिताचे.

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी उमेदवाराला स्वतः अर्ज करता येत नाही. तो मालकानेच करावा लागतो. वर्षाला ६५,००० आणि तेथील पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. मागणी त्याहून अधिक झाली, की निवड सोडतीवर जाते.

जर्मनीची रीत निराळी आहे. १ जून २०२४ पासून तेथे ‘चान्सनकार्ट’ सुरू झाले. नोकरी हाती नसतानाही त्यावर वर्षभर राहून ती शोधता येते आणि आठवड्याला २० तास काम करता येते. मान्यताप्राप्त पदवी, भाषेची किमान पातळी आणि ६ गुण, या त्याच्या मुख्य अटी. वय ३५ च्या आत असल्यास २ गुण, मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रातील पदवीला १, जर्मन बी-१ पातळीला २ आणि इंग्रजी सी-१ला १. अनुभवाचा एकही गुण न घेता सहाची बेरीज होते! त्यातले दोन गुण जर्मन भाषेचे आहेत, हे ध्यानी घ्यावे. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ही भाषा शिकण्याची सोय आहे.

मात्र निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. २०२४ साली ती दरमहा १,०२७ युरो होती. ही रक्कम कर्जाऊ घ्यायची असेल, तर वर्षाअखेर नोकरी न मिळाल्यास हप्ते कोण फेडणार, याचा निर्णय कुटुंबाने निघण्यापूर्वीच करावा.

अनुभवाची उणीव कामानेच भरून निघते. खुल्या स्रोताच्या एखाद्या प्रकल्पातील दोष शोधून केलेली दुरुस्ती जगातील कोणताही मालक वाचू शकतो. दहा प्रमाणपत्रांहून तिचे वजन अधिक.

आता सावधगिरी. २०२२ साली भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता, की थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली संगणक-कुशल तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबले जाते. असे तरुण तेथे सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार भरती करणारा दलाल नोंदणीकृत असावा लागतो. त्याचे नाव सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. त्याला ३०,००० रुपये व त्यावरील कर यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांची मागणी झाली, किंवा पर्यटक व्हिसावर जाऊन रुजू होण्यास सांगितले, तर तेथेच व्यवहार थांबवावा. लेखी करार हाती येईपर्यंत तिकीट काढू नये आणि पारपत्राची मूळ प्रत कोणाच्याही स्वाधीन करू नये.