कोण तपासणार, पैसे कोण भरणार?

आमच्या तालुक्याच्या गावी डोळे तपासायचे म्हणजे बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात जायचे. समोर अक्षरांचा तक्ता, नाकावर जड फ्रेम, तीत एकामागून एक भिंगे. "आता दिसतंय का?" हो म्हटले की नंबर ठरला. तपासणाऱ्याचे शिक्षण काय, हे कुणी विचारत नसे. मोतीबिंदू असला तर तो पिकेपर्यंत थांबायचे आणि शिबिराची वाट पाहायची.

रुग्णालयाच्या खर्चासाठी १९८६मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. तरीही पैसे आधी आपणच भरायचे, मग बिले जोडून अर्ज करायचा. त्यात रुग्णालयात चोवीस तास राहण्याची अट. पुढे लहान छेदाच्या फेको तंत्राने मोतीबिंदूचा रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला आणि 'डे-केअर' म्हणून या शस्त्रक्रियेला त्या अटीतून सूट मिळाली. २००१मध्ये विमा दाव्यांचे काम पाहणाऱ्या मध्यस्थ संस्थांसाठी, म्हणजे टीपीएंसाठी, नियम झाले आणि 'कॅशलेस', म्हणजे बिल थेट विम्यातून, हा शब्द घरोघरी पोहोचला.

आईच्या मोतीबिंदूच्या वेळी हाच शब्द ऐकून आम्ही निर्धास्त राहिलो. रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत होते. पण एका डोळ्यामागे ठरावीक रकमेच्या वर विमा मिळणार नाही, हे पॉलिसीतले कलम बिल हातात आल्यावर कळले. उरलेले पैसे जमवताना भावाची झालेली धावपळ आजही आठवते.

तपासणाऱ्याच्या शिक्षणाचा प्रश्न मात्र बराच काळ तसाच राहिला. २०२१च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टच्या व्यवसायाला वैधानिक ओळख दिली. नंबर काढणे आणि दोष ओळखणे त्याचे काम, शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञ डॉक्टरची. विम्याच्या बाजूने, जानेवारी २०२४मध्ये यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेसची सोय आली. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी ४८ तास आधी कंपनीला कळवावे लागते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात विमा नियामकाने कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय देण्याचा आदेश काढला.

एवढे होऊनही रोजची गरज विम्याबाहेरच राहिली. नेहमीची तपासणी आणि चष्मा यांचा खर्च बहुतेक मेडिक्लेम देत नाहीत. नंबर ७.५पेक्षा कमी असेल, तर तो घालवण्याची लेसर शस्त्रक्रियाही वगळलेली असते. मोतीबिंदूसाठी अनेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. ज्या घरात तीन-चार जणांना चष्मा आहे, त्या घराला ही उणीव दरवर्षी जाणवते. ती दूर व्हायलाच हवी.

तोवर आपण सावध राहू. डोळे दाखवण्याआधी तपासणाऱ्याची पदवी विचारा. शस्त्रक्रिया ठरली, तर रुग्णालय यादीत आहे का, याची विमा कंपनीलाच फोन करून खात्री करून घ्या. रिसेप्शनवरच्या शब्दावर विसंबू नका. आणि एका डोळ्यामागची मर्यादा किती, ते लेखी मागा. आम्ही हे विचारले नव्हते. तुम्ही नक्की विचारा.