जिभेवरचा सिंध
सलगम म्हणजे मुळ्याचा गोलमटोल, जांभळट भाऊबंद. मराठी स्वयंपाकघरात त्याला कुणी विचारत नाही. बँकेच्या नोकरीत असताना पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी खातेदारांच्या घरी मी त्याचे लोणचे प्रथम चाखले. चकत्या जरा वाफवायच्या. कुटलेली मोहरी, लसूण, हळद, तिखट, मीठ आणि पाणी घालून बरणी तीन-चार दिवस उन्हात ठेवायची. आंबटपणा आपोआप येतो.

१९४७च्या फाळणीत पंजाबचा काही भाग तरी भारतात राहिला. सिंध प्रांत अख्खा गेला. पिंपरीच्या छावणीत आलेल्या निर्वासितांजवळ उरली ती जिभेवरची दोनच माणके : भाषा आणि चव. आता नातवंडांच्या तोंडून भाषा निसटते आहे. चव मात्र बरणीत टिकून आहे.

हिवाळ्यात मंडईत सलगम दिसले, तर नाक मुरडू नका. अर्धा किलो घ्याच.