चिखलातली सायकल

पावसाळा तोंडावर आला की आपल्या घरातली यादी ठरलेली असते. पापड-कुरडयांचे डबे घट्ट लावायचे, गव्हात कडुलिंबाचा पाला घालायचा, छत्र्यांच्या काड्या तपासायच्या. या यादीत सायकलीचं नाव मात्र नसतं. ती बिचारी उन्हाळाभर भिंतीला टेकून असते, जूनमध्ये शाळा उघडली की बाहेर निघते आणि मृगाच्या दुसऱ्या सरीला कुठल्यातरी पांदणीत अडकून बसते.

आमचा हिंगोली जिल्हा काळ्या मातीचा. कापूस, सोयाबीन, वसमतकडची हळद, सगळी या मातीची कृपा. पण हीच माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाणी प्याली की फुगते. मग ती साधा चिखल राहत नाही, सैल भिजवलेल्या कणकेसारखी होते. हाताची सुटेना, परातीची सुटेना! सायकलचं चाक तिच्यावरून दहा-वीस हात गेलं की टायरवर थर चढतो, थर मडगार्डला लागतो आणि चाक फिरायचंच थांबतं. पुढे ढकलायलाही येत नाही. उचलावी लागते.

मी अर्धवेळ शिकवते. जुलैचं हजेरीपत्रक पाहिलं की वस्तीवरच्या, आखाड्यावरच्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढलेल्या दिसतात. पावसाला त्या भीत नाहीत. डांबरी रस्त्यापर्यंतचा एक-दीड किलोमीटर त्यांना आडवा येतो. एका मुलीची आई मला म्हणाली, "बाई, आमची पोरगी सायकलीवर बसून जात न्हाई, सायकलच पोरीच्या खांद्यावर बसून जाती." ती हसत म्हणाली, पण पुढच्याच वाक्यात, "पाऊस उघडंपर्यंत ऱ्हाऊ द्या घरीच," हेही म्हणाली. आठवी-नववीच्या मुलीचं असं घरी राहणं पुष्कळदा पावसाबरोबर संपत नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

गंमत अशी, की सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवणं हा युरोपात चक्क खेळ आहे. त्याला सायक्लोक्रॉस म्हणतात. फ्रान्समध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली. ऐन थंडीत, शेतातून, ओल्या गवतातून फेऱ्या मारायच्या. जिथे चाक चालणार नाही तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५० पासून आहे. बायकांना तिथे जागा मिळाली ती २००० साली. तेव्हा जर्मनीची हांका कुप्फरनागेल पहिली आली. पन्नास वर्षांचा उशीर! तिकडेही काही वेगळं नाही म्हणायचं.

त्या सायकली आपल्या खिशाच्या नाहीत, पुष्कळदा लाखाच्या पुढे जातात. आणि शर्यतीत एक सायकल चिखलाने भरली की ती धुवायला देऊन दुसरी घ्यायची सोय असते. आपल्याकडे दुसरी कुठून आणणार? पण त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तिचं टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आपल्या साध्या २६ इंची लेडीज सायकलचं टायर साधारण ३७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्यांच्याहून रुंदच! फरक पडतो तो टायरच्या आजूबाजूच्या जागेत. त्यांच्या सायकलला मडगार्ड नसतंच आणि चाक व फ्रेम यांच्यामध्ये चिखल निघून जायला ऐसपैस जागा असते. आपल्याकडे मडगार्ड टायरला जवळजवळ चिकटून. चिखलातली सायकल निवडताना माझ्या मते पाहायचं ते हेच.

तेव्हा दुकानात गेलात की रंग आणि पुढची टोपली नंतर पाहा. आधी अंगठा आडवा धरून टायर आणि मडगार्डच्या मध्ये घालून पाहा. गेला तर ठीक. मग मागच्या चाकाजवळ, सीटखालच्या दांडीपाशी तसंच करा. दुकानदार हसेल, हसू द्या.

हल्ली मुलींना जाड टायरची, शॉकॲब्सॉर्बरवाली, गिअरची सायकल हवी असते. दिसायला ती दणकट, पण स्वस्तातली असेल तर वजनाला भारी. जाड टायर माती जास्त उचलतं आणि गिअरची ती नाजूक यंत्रणा मागच्या चाकाशी खाली लोंबत असते, तिथे गारा बसला की चेन उतरलीच म्हणून समजा. काळ्या मातीत बिनगिअरची, पूर्ण बंद चेनकव्हरची साधी सायकल बरी. चेनला चिखल लागत नाही आणि ओढणीही अडकत नाही. सरळ दांडीची सायकल खांद्यावर घ्यायला सोपी आणि सांगाड्याला मजबूत. पोरगी सलवार घालत असेल तर ती घ्यायला काय हरकत आहे? आजीबाई दोन दिवस बोलतील.

सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मागास ठरलेल्या तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ही रक्कम २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. पैसे खात्यावर येतात, म्हणजे निवड आपली. शाळेत चौकशी करा आणि सायकल घेताना पोरीला बरोबर न्या. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. "पुढे वाढेल" म्हणून मोठा झगा शिवावा, सायकल मोठी घेऊ नये.

घरात जुनी सायकल असेल तर नवी घ्यायची घाई नको. कारागिराकडून मडगार्ड थोडं उंच बसवून घ्या, वायसर घालून ते होतं. तेवढ्याने भागत नसेल तर पावसाळ्यापुरतं पुढचं मडगार्ड काढून ठेवा. मागचं असू द्या, नाहीतर पाठीवर चिखलाची रांगोळी उठते. गुळगुळीत झालेलं मागचं टायर बदला, खोल नक्षीचं घ्या. आत जुन्या ट्यूबचं अस्तर घालायला सांगा. बाभळीचा काटा ट्यूबपर्यंत सहसा पोचत नाही. ब्रेकची रबरं दरवर्षी नवी. ओल्या, चकचकीत स्टीलच्या रिमवर ब्रेक फार उशिरा लागतो, हे मुलीला बजावून सांगा. अलॉयची रिम यात पुष्कळ बरी, पण ती पुढच्या वर्षी, पैसे साठले की. त्याआधी फ्रीव्हील बदला. नेहमीचं बहुधा १८ दात्यांचं असतं, त्याजागी २० किंवा २२ दात्यांचं बसवलं की चिखलात पायडल हलकं जातं. वेग थोडा कमी होतो, तो आईच्या दृष्टीने फायदाच. चेनला एखादी कडी वाढवावी लागते. दिवाळीनंतर एकदा ओव्हरहॉलिंग करून छर्रे साफ करून घ्यावेत. (दुकानावर त्याला ओव्हरऑइल म्हणतात, तसंच म्हणा.)

घरी आल्यावर बादलीभर पाणी हळूहळू ओतून चिखल काढावा. पाइपचा जोरदार फवारा चाकाच्या मधोमध मारू नये, आतलं ग्रीस धुऊन जातं. चेनला खोबरेल घालू नये, ते थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पातळ असल्याने पावसात टिकत नाही. आठवड्यातून दोनदा दोन-दोन थेंब सोडावेत. चिखलाच्या दिवसांत टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवली तर पकड चांगली येते. मात्र कॅरिअरवर धाकटा भाऊ बसणार असेल तर हवा पुरीच भरावी, नाहीतर रिम ट्यूबला चावते.

गणवेशावर उडालेला काळा चिखल ओला असताना चोळू नका, डाग पसरतो. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग साबणाच्या पाण्यात भिजवा. आणि सायकलच्या कॅरिअरला एक चपटी बांबूची कामटी सुतळीने बांधून ठेवा. चाक अडकलं की पोरीने उतरून दोन्हीकडून माती खरवडायची आणि पुढे निघायचं.