हातचं काहीही न राखणारा संगीतकार

रचना कशी घडली हे संगीतकाराने श्रोत्याला सांगावं का, आणि सांगितलं तर ऐकण्यात काही उरतं का, हा आजचा आपला प्रश्न.

१९५८ साली अमेरिकेतल्या 'हाय फिडेलिटी' मासिकात मिल्टन बॅबिट या संगीतकाराचा लेख छापून आला. मथळा असा, की तुम्ही ऐकता की नाही याची पर्वा कोणाला? मथळा संपादकांचा, बॅबिटचा नव्हे. पण लेखाचा रोख स्पष्ट होता: प्रगत गणित सगळ्यांना कळावं असं आपण म्हणत नाही, मग नवं संगीत तरी का कळावं? संगीतकाराने सरळ विद्यापीठाचा आसरा घ्यावा.

दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, स्टीव्ह राइश या तरुण संगीतकाराने एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं उलट होतं. स्वरांची गणिती मांडणी कागदावर असते, पण कानाला लागत नाही. जॉन केज नाणी उडवून स्वर ठरवतो, तेही ऐकून कळत नाही. राइशला अशी रचना हवी होती, की तिची घडण वाजतावाजताच ऐकू यावी.

त्याचं 'क्लॅपिंग म्युझिक' (१९७२) घ्या. वाद्य नाही, फक्त दोन माणसांचे हात. बारा मात्रा धरा. तीन टाळ्या, एक मात्रा रिकामी. दोन टाळ्या, रिकामी. एक टाळी, रिकामी. दोन टाळ्या, रिकामी. (बारा म्हटल्यावर एकताल शोधू नका, त्याचे विभाग इथे नाहीत.) पहिला माणूस शेवटपर्यंत हेच वाजवतो. दुसरा काही आवर्तनांनंतर एक मात्रा पुढे सरकतो, म्हणजे दुसऱ्या मात्रेपासून सुरू करतो आणि पहिली टाळी शेवटी घेतो. मग आणखी एक मात्रा. बाराव्यांदा सरकला की दोघे पुन्हा एकत्र. झाली रचना!

म्हणजे सगळे पत्ते उघडे. तरीही ऐकताना दोघांच्या टाळ्या एकमेकींत मिसळून असे बोल तयार होतात, जे दोघांपैकी कोणीच वाजवत नसतं. ते कागदावर वेगळे लिहिलेले नाहीत. आपला कान ते जोडतो, आणि शेजाऱ्याचा कान कदाचित वेगळे जोडेल. शेवटी दोघे एकत्र येतात तेव्हा समेवर आल्यासारखं वाटतं. सम कधी येणार हे माहीत असूनही आपण दाद देतोच की!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचं 'फोर ऑर्गन्स' वाजलं. चार इलेक्ट्रिक ऑर्गन, एक मराकस वाजवणारा, आणि एकच स्वरसंघात, हळूहळू लांबत जाणारा. इथेही काही लपवलेलं नव्हतं. पण लोकांनी वादन चालू असतानाच आरडाओरडा केला. रचना कळणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला त्या श्रोत्यांचा रागही समजतो. बॅबिटचं नवल मात्र वाटतं, कारण त्याने हा राग ओढवून घ्यायचीच तयारी ठेवली नाही.

२०१५ मध्ये लंडन सिन्फोनिएटाने इतर संस्थांसह 'क्लॅपिंग म्युझिक'चं मोबाइल ॲप काढलं. त्यात दुसऱ्या माणसाच्या जागी आपण, आणि ठोका चुकला की खेळ संपला. ॲप नसेल तर घरातलं कोणीतरी समोर बसवा. पहिली फेरी सोपी वाटेल. दुसऱ्या माणसाने एक मात्रा सरकवली की पहिल्याचे हात बघा.